द्विभाषिक प्राणिमैत्रीकथा : विनोद, भाषाभेद आणि बालवाचक

१. विषयाची मांडणी

मराठी बालसाहित्यातील प्राणिकथेचा विचार बहुधा बोध आणि कल्पनारम्यता या दोन अंगांनी केला जातो. कथेतील प्राणी कोणती भाषा बोलतात, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. कावळा, ससा, कासव हे सारे निवेदकाचीच भाषा बोलतात, हा संकेत इतका रुळलेला आहे की तो संकेत आहे याचेच भान उरत नाही. द्विभाषिक बालपुस्तकाने मात्र हा प्रश्न अटळ केला आहे. चेन्नई येथे १९९६ मध्ये स्थापन झालेल्या तूलिका या प्रकाशनसंस्थेने इंग्रजी आणि एक भारतीय भाषा एकाच पानावर मांडणारी चित्रपुस्तके प्रसिद्ध केली. मराठीचाही त्यांत समावेश आहे. २००४ मध्ये बंगळूरु येथे स्थापन झालेल्या प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ मध्ये स्टोरीवीव्हर हे संगणकीय व्यासपीठ सुरू केले आणि एकच कथा अनेक भाषांत वाचण्याची सोय झाली. अशा पुस्तकांत प्राण्यांच्या मैत्रीच्या गमतीदार कथांना मानाचे स्थान असते.

या कथाप्रकारात विनोद आणि मैत्री यांचा उगम एकाच ठिकाणी आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. दोन भाषा जिथे एकमेकींशी जुळत नाहीत, ते हे ठिकाण होय. ते बुजवून टाकले की कथेतील हसू ओसरते आणि मैत्रीही केवळ सांगण्यापुरती उरते. ते उघडे ठेवले तर दुसरा प्रश्न उभा राहतो : हसणारा कोण आणि ज्याला हसले जाते तो कोण? या कथांचे वाङ्मयीन आणि शैक्षणिक मूल्य या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

२. परंपरेतील दोन वाटा : लोप आणि दुभाषी

मुद्रित मराठी बालकथेचा आरंभच दोन भाषांच्या संपर्कातून झाला. तंजावरच्या सरफोजी महाराजांच्या आश्रयाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इसापच्या कथांचे मराठी रूप छापले गेले. पुढे १८२८ मध्ये मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे इसापनीतीचे भाषांतर आणि ‘बाळमित्र’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ‘बाळमित्र’ मूळ फ्रेंच पुस्तकावरून इंग्रजीच्या मार्गाने मराठीत आले होते. या साऱ्या उद्योगाचे यश कथा मराठीत मुरली की नाही यावरून मोजले गेले, आणि ते योग्यच होते. परंतु त्यात मूळ भाषा पडद्याआड गेली. इसापचा कोल्हा मराठी बोलू लागला आणि तो कधी काळी परभाषिक होता, हे बालवाचकाला जाणवण्याचे कारण उरले नाही. ही पहिली वाट एका भाषेच्या लोपाची आहे.

दुसरी वाट पंचतंत्रात आढळते. पहिल्या तंत्राचे नावच ‘मित्रभेद’. संजीवक नावाचा बैल यमुनाकाठच्या रानात मागे राहतो, चारा खाऊन पुष्ट होतो आणि डरकतो. पाणी पिण्यास आलेला पिंगलक सिंह तो अनोळखी आवाज ऐकून भयभीत होतो. वनाचा राजा एका गवत खाणाऱ्या प्राण्याच्या आवाजाला भितो, हा प्रसंग मुळात विनोदी आहे, आणि त्या विनोदाचे कारण भाषिक आहे. आवाज कानी आला आहे, परंतु त्याचा अर्थ लागलेला नाही. दमनक कोल्हा मध्यस्थ होऊन दोघांची गाठ घालून देतो. पुढे तोच दमनक प्रत्येकाला दुसऱ्याविषयी वेगळे सांगतो आणि दुसऱ्याच्या हालचालीतून कोणती खूण ओळखावी हेही पढवितो. दोघेही त्या खुणा पाहतात, शिकविल्याप्रमाणे त्यांचा अर्थ लावतात आणि बैल मारला जातो.

या कथेचे विवेचन सामान्यतः राजनीतीच्या अंगाने होते. भाषेच्या अंगाने पाहिल्यास ती दुभाष्याची कथा ठरते. मैत्री ज्याच्या जिभेवर उभी आहे, त्याच्याच जिभेने ती मोडते. सिंहाने बैलाचे डरकणे स्वतः समजून घेतले असते, तर कथेतील शोकान्त टळला असता. दुसऱ्या तंत्रात, ‘मित्रसंप्राप्ती’त, नेमके याच्या उलट घडते. लघुपतनक कावळा हिरण्यक उंदराकडे मैत्री मागतो, तेव्हा उंदीर बिळाबाहेर न येता आतूनच वाद घालतो. खाणारा आणि खाद्य यांच्यात मैत्री कशी होईल, हा त्याचा सवाल आहे. येथे मध्यस्थ नाही. संवाद प्रत्यक्ष आहे, लांबलेला आहे आणि बिळाच्या तोंडाशी चाललेला असल्याने गमतीचाही आहे. मैत्री टिकते ती या प्रत्यक्ष संवादामुळे. दोन भाषांतील बालकथेला या दोन तंत्रांच्या तुलनेतून एक दिशा मिळते. बालवाचकाला कोणा दमनकावर अवलंबून राहावे लागू नये, यासाठी त्याच्या हाती दोन्ही भाषा देणे हे अशा पुस्तकाचे खरे प्रयोजन होय.

३. न जुळणाऱ्या जागा

दोन भाषांतील प्राणिकथा शेजारी ठेवल्यावर कोणत्या जागा जुळत नाहीत, याचा तपशील पाहणे आवश्यक आहे.

पहिली जागा व्याकरणिक लिंगाची. मराठीत माकड, हरीण, कासव, घुबड हे शब्द नपुंसकलिंगी आहेत. हिंदीत नपुंसकलिंगच नाही, त्यामुळे बंदर, हिरन, कछुआ, उल्लू हे सारे पुल्लिंगी ठरतात. मराठी कथाकार प्राण्याला पात्र करू लागला की त्याला ‘ते म्हणाले’ हे अडचणीचे वाटते. मग तो माकडदादा, कासवदादा अशी नावे योजतो. या जोडशब्दांकडे केवळ लाडिक संबोधने म्हणून पाहिले जाते. वस्तुतः ती व्याकरणाची सोयही आहे. नपुंसकलिंगी प्राणी नात्यात आला की तो ‘तो’ किंवा ‘ती’ होतो. वानर आणि मगर यांच्या कथेत तर हा पेच अधिकच गंमत आणतो. पंचतंत्रातील मगर पुरुष आहे आणि वानराचे काळीज त्याच्या पत्नीला हवे आहे. आजच्या मराठीत मगर बहुधा स्त्रीलिंगी चालते. त्यामुळे ‘मगरीची बायको’ असे म्हणताना सांगणारा अडखळतो आणि ऐकणारे मूल हसते. हिंदीत मगर पुल्लिंगी असल्याने ही अडचण येतच नाही.

दुसरी जागा नात्यांच्या शब्दांची. मराठीत ‘ताई’ म्हणजे मोठी बहीण. हिंदीच्या प्रमाण वापरात ‘ताई’ ही वडिलांच्या थोरल्या भावाची पत्नी. मराठीतील ‘दादा’ थोरला भाऊ, हिंदीतील ‘दादा’ आजोबा. म्हणजे मराठी मुलाच्या मनातील चिऊताई ही बहिणीच्या वयाची, तर हिंदी मुलाच्या कानाला ती प्रौढ नातलग. हत्तीदादाचे वयही भाषा बदलताच दोन पिढ्यांनी वाढते. इंग्रजीत ही नाती उतरविताना ‘अंकल’ किंवा ‘मिस्टर’ असे परके शब्द घ्यावे लागतात आणि घरगुती सलगीच्या जागी औपचारिकपणा येतो.

तिसरी जागा वर्गीकरणाची. आर्नल्ड लोबेल यांचे ‘फ्रॉग अँड टोड आर फ्रेंड्स’ हे १९७० मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक प्राणिमैत्रीच्या विनोदी कथांतील अग्रगण्य मानले जाते. त्यातील एक मित्र उत्साही, दुसरा कुरकुऱ्या. इंग्रजीत त्यांची नावेच त्यांच्या जातींची नावे आहेत. मराठी शास्त्रीय परिभाषेत ‘टोड’साठी ‘भेक’ हा शब्द आहे खरा, पण रोजच्या बोलण्यात दोघेही बेडूकच. इंग्रजीतील भेद मराठीत आला की विरतो. याउलट पाल, सरडा, सापसुरळी आणि घोरपड हे चार मित्र मराठीत चार वेगळ्या स्वभावांचे वाटतात, परंतु बालपुस्तकाच्या साध्या इंग्रजीत चौघेही ‘लिझर्ड’ होण्याचा संभव असतो. कोणती भाषा समृद्ध, हा येथे मुद्दा नाही. प्रत्येक भाषा वेगळ्या ठिकाणी डोळस असते, हे मुलाला हसत हसत कळते.

चौथी जागा सांस्कृतिक संकेताची. इंग्रजी बालकथेत घुबड शहाणे, चष्मा लावणारे, शिकविणारे असते. मराठी घरात घुबडाचे दर्शन अशुभ मानण्याची रीत होती आणि ‘घुबड’ हा शब्द शिवीसारखाही वापरला जातो. एकाच चित्राखाली दोन भाषांत घुबडगुरुजींची ओळख करून दिली, तर एका मजकुराने आदर उत्पन्न होतो आणि दुसऱ्याने दचकणे. पालीचे चुकचुकणे मराठीत शंकेशी जोडलेले आहे. इतर भाषेत ती केवळ भिंतीवरची पाल.

पाचवी जागा संबोधनाची. मराठीत तू, तुम्ही आणि आपण अशा पायऱ्या आहेत. दोन अनोळखी प्राणी प्रथम ‘तुम्ही’ म्हणतात आणि जांभळे खाऊन होताच ‘तू’वर येतात, एवढ्या एका बदलातून मैत्री जमल्याचे मुलाला सांगता येते. इंग्रजीतील एकमेव ‘यू’मध्ये हा क्षण दिसत नाही. तो क्षण इंग्रजी मजकुरात कृतीने किंवा चित्राने भरून काढावा लागतो.

४. समांतर मजकूर आणि घटनारूप भाषा

या जागांशी पुस्तक कसे वागते, यावरून द्विभाषिक कथांचे दोन प्रकार संभवतात. पहिल्या प्रकारात एकच मजकूर दोन भाषांत समांतर छापलेला असतो. भाषा शिकण्यासाठी ही रचना उपयुक्त आहे. परंतु तिच्यात एका भाषेचा मजकूर दुसरीला अडखळू देत नाही. दोन्ही मजकूर सारखे दिसावेत म्हणून न जुळणारे सारे गाळले जाते. परिणामी विनोद भाषेतून निघून घटनेत जातो. कोणीतरी चिखलात पडते, कोणाची शेपटी अडकते. हा विनोद वाईट नव्हे, पण त्यासाठी दोन भाषांची गरज नसते.

दुसऱ्या प्रकारात भाषाभेद हीच कथेतील घटना असते. दोन प्राणी दोन भाषा बोलतात, गैरसमज होतो आणि तो दूर होताना मैत्री जडते. येथे लिपीचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. मराठी आणि इंग्रजी यांच्या लिपी वेगळ्या असल्याने डोळा भाषांना आपोआप वेगळे करतो. मराठी, हिंदी आणि कोकणी देवनागरीत लिहिल्या जातात तेव्हा डोळ्याला सीमा दिसत नाही. शब्द तोच दिसतो आणि अर्थ भलताच निघतो. बालविनोदाला ही भूमी फार सुपीक आहे.

एका कल्पित प्रसंगाने हे स्पष्ट करता येईल. हिंदी बोलणारे माकड आणि मराठी बोलणारी मगर यांची भेट होते. माकड म्हणते, ‘मैं आऊँगा, मगर...’ आपल्याला हाक मारली असे समजून मगर पुढे सरकते. माकड घाबरून पुन्हा ‘मगर, मगर’ असे चाचरते, आणि मगर आणखी जवळ येते. हिंदीतील ‘मगर’ म्हणजे ‘पण’, हे ज्याला ठाऊक आहे ते मूल दोन्ही पात्रांच्या आधी हसते. गैरसमज उलगडल्यावर माकडाने मगरीला ‘पण’ हा मराठी शब्द विचारून घेतला, तर त्या एका शब्दाने मैत्रीचा आरंभ होतो. याच धर्तीवर ‘मटका खाली है’ हे ऐकून खार मडक्याच्या तळाशी वाकून पाहील. ‘मी तुला शिक्षा देईन’ असे बगळ्याने हिंदी अर्थाने म्हणताच मराठी बेडूक पळत सुटेल, कारण एका भाषेत शिक्षा म्हणजे शिक्षण आणि दुसरीत दंड. शाळेत जाणाऱ्या मुलाला या विनोदाचा दुसरा पदर समजावून सांगावा लागत नाही.

या प्रसंगांत एक समान सूत्र आहे. कोणतेही पात्र मूर्ख नाही. प्रत्येक जण आपल्या भाषेत बरोबर आहे. चूक दोन भाषांच्या मधल्या जागेत घडते, आणि ती जागा ओळखणारे मूल कथेतील सर्वांहून शहाणे ठरते.

५. ‘जंगल बुक’ची साक्ष

दोन भाषांत वावरणाऱ्या प्राणिमैत्रीचे एक सर्वपरिचित उदाहरण म्हणजे रडयार्ड किपलिंग यांचे १८९४ मधील ‘द जंगल बुक’. मोगलीच्या कथांची भूमी शिवनीच्या परिसरातील आहे. हा भाग तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात मोडत होता आणि आज मध्य प्रदेशात आहे. ग्रंथाची भाषा इंग्रजी असली, तरी अनेक प्राण्यांची नावे हिंदुस्थानी आहेत. इंग्रज मुलाला ‘बलू’ हे गूढ विशेषनाम वाटते. भारतीय मुलाला त्यात ‘भालू’ ऐकू येतो, म्हणजे अस्वलाचे नाव अस्वल. ‘हाथी’ हत्तीच असतो आणि ‘अकेला’ हा कळपाचा नायक नावानेच एकटा ठरतो. एकाच मजकुरातून दोन वाचकांना दोन वेगळे आनंद मिळतात आणि दुसरी भाषा जाणणारा वाचक लेखकाच्या अधिक जवळ जातो.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे बलूचे अध्यापन. तो मोगलीला निरनिराळ्या प्राणिसमूहांचे परवलीचे शब्द शिकवितो. शिष्याच्या पाठांतराची बघीराजवळ प्रौढी मिरविणारा, क्वचित चापट मारणारा हा अस्वलगुरू विनोदी रंगविला आहे. पण वानरांनी मोगलीला पळवून नेल्यावर हेच पाठांतर त्याला वाचविते. घारीला तिच्या भाषेतील शब्दाने हाक मारल्यामुळे निरोप मित्रांपर्यंत पोहोचतो, आणि भग्न नगरीतील सापांपासूनही त्यांच्याच शब्दामुळे रक्षण होते. परभाषा येणे म्हणजे मित्र असणे, हे सूत्र येथे कथानकाच्या गाठीत बसविलेले आहे.

मात्र याच ग्रंथात दुसरी बाजूही आहे. वानरांना स्वतःची भाषा नाही, ते इतरांकडून ऐकलेले शब्द चोरून वापरतात, असा बलूचा आक्षेप आहे. ज्याची भाषा आपल्याला कळत नाही, त्याला भाषाच नाही असे ठरवून हसणे, ही वृत्ती या आक्षेपात दिसते. वसाहतकालीन दृष्टीची छाया येथे पाहिली गेली आहे, ती निराधार नाही. एकाच पुस्तकात परभाषेचा आदर आणि परभाषेचा उपहास असे दोन्ही सापडतात. म्हणूनच विनोदाची दिशा तपासणे अगत्याचे ठरते.

६. हसू कोणाचे?

भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद सांगितले आहेत, आणि हास्याच्या सहा प्रकारांत ‘उपहसित’ हा एक आहे. संस्कृत नाटक हे स्वतः बहुभाषिक होते. राजा संस्कृत बोलतो, विदूषक ब्राह्मण असूनही प्राकृत बोलतो. सारे एकमेकांचे समजतात, परंतु भाषा पात्राची पायरी दाखविते आणि हसविण्याचे काम प्राकृत बोलणाऱ्याकडे येते. आधुनिक मराठी नाटक, चित्रपट आणि कथा यांतही बोली बोलणारे पात्र अनेकदा विनोदापुरते आणले गेले. ही सवय बालकथेत सहज शिरते. प्रमाण मराठी बोलणारा ससा हुशार आणि बोली बोलणारे अस्वल बावळट, अशी वाटणी झाली की मैत्रीकथेचा मुखवटा धारण करून उपहासच वावरू लागतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न केवळ समीक्षेपुरता नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे २९.८ लाख आणि कोरकू सांगणारे सुमारे ७.३ लाख होते. गडचिरोलीतील गोंडीभाषक आणि मेळघाटातील कोरकूभाषक मुले मराठी शाळेत येतात. गोंडी द्राविडी कुळातील आणि कोरकू मुंडा गटातील आहे. म्हणजे या मुलांची घरची भाषा मराठीची बोली नसून सर्वस्वी निराळी भाषा आहे. राज्यघटनेच्या ३५०-अ या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषा किंवा घरची भाषा माध्यम असावी, असे म्हटले आहे. पहिलीच्या वर्गात या मुलाने आपल्या भाषेत उत्तर दिले आणि वर्ग हसला, तर त्या हसण्यात ते मूल सहभागी नसते. त्यानंतर ते गप्प बसण्यास शिकते.

अशा वर्गात दोन भाषा बोलणाऱ्या प्राण्यांची कथा आली, आणि तिच्यातील गाठ घरची भाषा जाणणाऱ्यालाच सुटेल अशी असली, तर परिस्थिती पालटते. इतर मुले न समजून थांबतात आणि मागच्या रांगेतील मूल प्रथम हसते. मग ‘तू का हसलास?’ असे त्याला विचारावे लागते. सांगण्याचा अधिकार त्याच्याकडे येतो. द्विभाषिक विनोदाचे सामाजिक मोल या एका उलथापालथीत आहे. अट एवढीच की त्या भाषेतील मजकूर ती भाषा बोलणाऱ्यांनीच घडविलेला असावा. मराठीत लिहून नंतर शब्द बदललेली कथा समांतर मजकुराच्याच प्रकारात मोडते.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून द्विभाषिक प्राणिमैत्रीकथेच्या परीक्षणासाठी तीन कसोट्या सुचविता येतात. पहिली कसोटी आवश्यकतेची : एका भाषेचा मजकूर झाकला असता कथेतील विनोद जसाच्या तसा उरतो काय? उरत असल्यास दुसरी भाषा केवळ शिकविण्याचे साधन आहे. दुसरी कसोटी समतेची : गैरसमजात दोन्ही पात्रे आपापल्या भाषेत बरोबर आहेत काय, की एकाची भाषा हीच चूक ठरविली आहे? तिसरी कसोटी परिणतीची : कथेच्या अखेरीस प्रत्येक पात्राने दुसऱ्याचा निदान एक शब्द उचलला आहे काय? एकानेच दुसऱ्याची भाषा शिकावी आणि दुसऱ्याने शिकू नये, अशी मैत्री संख्येने किंवा बळाने थोर असलेल्याच्या सोयीची असते.

महाविद्यालयीन अध्यापनात या कथाप्रकाराला अद्याप फारसे स्थान नाही. अनुवादविचार, बोलीविज्ञान आणि बालसाहित्य हे तीन विषय स्वतंत्र शिकविले जातात. द्विभाषिक प्राणिकथा या तिहींच्या संगमावर आहे. विद्यार्थ्यांनी आपल्या परिसरातील अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, गोंडी किंवा कोरकू भाषकांकडून प्राण्यांची नावे, त्यांच्या आवाजांचे शब्द आणि त्यांना लावलेली नाती गोळा केली, तर या अभ्यासाला भक्कम सामग्री मिळेल. ‘मित्रभेदा’तील सिंहाला बैलाचे डरकणे समजून घेण्याची गरज वाटली नाही, कारण दमनक हाताशी होता. बालवाचकाला ती गरज वाटावी आणि ती भागविताना हसूही यावे, यासाठी प्रथम ही सामग्री हाती असणे आवश्यक आहे.